‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी एचआयव्ही अडवते का?

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी माझ्या पतींना एचआयव्ही असल्याचं कळलं. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात औषधं सुरू आहेत. माझा रिपोर्ट निगेटिव्ह आला. ‘ड’ जीवनसत्त्व भरपूर असलं की ही लागण होत नाही, असं वाचलं. माझं ‘ड’ 14 (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) आहे. पुड्या घेतल्या तर मी सुरक्षित राहीन का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : पुड्या जरूर घ्या, पण त्यांच्या भरवशावर कंडोम सोडू नका.

वारंवार संपर्क येऊनही लागण न झालेली माणसं असतात. कोलंबियातल्या संशोधकांनी अशांचं रक्त तपासलं, तेव्हा त्यांच्यात ‘ड’ची पातळी जास्त आढळली. याला आधारही आहे : ‘ड’मुळे पेशी कॅथेलिसिडिन नावाचं जंतुरोधक प्रथिन बनवतात, आणि प्रयोगशाळेत मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींना सक्रिय ‘ड’ दिल्यावर विषाणूची वाढ मंदावलेली दिसली. पण काचेच्या ताटलीत दिसलं ते संसारात तसंच घडेल, असं नाही. आणि त्या माणसांना ‘ड’नेच वाचवलं की दुसऱ्या कशाने, हे नुसत्या तुलनेतून ठरत नाही. टांझानियात एचआयव्हीची औषधं सुरू करणाऱ्या 4000 जणांवर चाचणी झाली. ‘ड’ दिल्याने मृत्यू कमी झाले नाहीत.

तुमचं खरं रक्षण पतींच्या गोळ्यांत आहे. त्यांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, मिलिलिटरमागे 200 प्रतींच्या खाली येऊन सहा महिने तिथेच टिकला, की शरीरसंबंधातून लागण होत नाही. तोवर दर वेळी कंडोम हवाच; शिवाय तुम्ही स्वतः रोज घ्यायच्या प्रतिबंधक गोळीबद्दल, म्हणजे प्रेपबद्दल, डॉक्टरांना विचारा. कंडोम फाटला तर सकाळची वाट पाहू नका. मोठ्या सरकारी इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत जाऊन पेप, म्हणजे संपर्कानंतर लागण टाळणाऱ्या गोळ्या, मागा : जितकं लवकर तितकं चांगलं, 72 तासांनंतर उपयोग नाही, आणि गोळ्या पूर्ण 28 दिवस. शेवटच्या असुरक्षित संबंधानंतर तीन महिने झाले की तपासणी पुन्हा करून घ्या; त्याआधीचा निगेटिव्ह रिपोर्ट अंतिम मानू नका.

आता तुमचे 14. वीसच्या खाली म्हणजे कमतरता. ती हाडांसाठी भरून काढायला हवी. सहसा 60,000 युनिटची एक पुडी आठवड्याला, अशा आठ आठवडे देतात. ‘ड’ स्निग्ध पदार्थात विरघळतं, म्हणून रिकाम्या पोटी पाण्यातून घेतलं तर नीट शोषलं जात नाही. दुपारी नारळ घातलेल्या हुमण-भातानंतर घ्या. सर्वांत मोठी चूक म्हणजे आठवड्याची पुडी रोज घेणं. रक्तात कॅल्शियम चढतं. मळमळ, सतत तहान, बद्धकोष्ठ सुरू होतं, मूत्रपिंडावर ताण येतो. पूर्वी मुतखडा झाला असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. बांगडे-तारले खा, पण तेवढ्याने 14चे 30 होणार नाहीत. बंद काचेआडून येणारं ऊनही कामाचं नाही, काच हवे ते किरण अडवते.

प्रश्न : मी टीएलडी, म्हणजे एचआयव्हीची तीन औषधांची एकत्र गोळी, घेतो. आता कॅल्शियम आणि ‘ड’ची एकत्र गोळीही दिली आहे. दोन्ही रात्री घेतल्या तर चालेल?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : उपाशीपोटी एकत्र मुळीच नको. अडचण ‘ड’ची नाही, कॅल्शियमची आहे : ते टीएलडीतल्या डोल्युटेग्राव्हिरला चिकटतं आणि औषध रक्तात कमी पोचतं. भरपेट जेवणासोबत दोन्ही चालतात. तरी वेळा वेगळ्या ठेवणं सोपं : टीएलडी रात्री नऊला, कॅल्शियम सकाळी न्याहारीनंतर. वेळ बदलायचीच झाली, तर टीएलडी कॅल्शियमच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्या. लोहाच्या गोळ्यांनाही हाच नियम. आम्लपित्ताचं पांढरं औषध मात्र जेवणासोबतही टीएलडीबरोबर नको, त्यात अंतर ठेवाच.