चिखल बाहेर, झोप कोरडी
वाचक विचारतात, आम्ही सांगतो

मोकळ्या कुरणावर भरणाऱ्या संगीत महोत्सवांना ऐन उन्हाळ्यातही पाऊस गाठतोच. हजारो पायांखाली गवत पाहता पाहता नाहीसे होते आणि उरतो तो निव्वळ राडा. ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकला हे झाले, १९९७ आणि २०१६ मध्ये ग्लास्टनबरीला झाले. जर्मनीतल्या वाकनला २०२३ मध्ये तर मैदानाची अशी दशा झाली की प्रवेश थांबवावा लागला आणि हजारो लोक वाटेतूनच परतले. मित्रमंडळींबरोबर अशा वीकएंडला जाणाऱ्या वाचकांचे बरेच प्रश्न आले आहेत. आमचे मत आधीच सांगून टाकतो: चिखलाशी भांडू नका, त्यात मनसोक्त नाचा. मात्र तंबूतली एक जागा आणि अंगावरचा एक जोड शेवटच्या रात्रीपर्यंत कोरडा राहिलाच पाहिजे.

गमबूट घ्यावेत की ट्रेकिंगचे बूट? मागच्या खेपेला गमबुटांनी पोटऱ्या सोलून निघाल्या होत्या.

गमबूटच घ्या. ट्रेकिंगचा बूट कितीही वॉटरप्रूफ असला तरी चिखल घोट्याच्या वर गेला की पाणी वरून आत शिरते, आणि मग तो दोन दिवस वाळत नाही. गमबुटाची उंची निदान अर्ध्या पोटरीपर्यंत हवी. माप बघताना जाड लोकरी मोजा घालून बघा. बोटांपुढे साधारण एक सेंटीमीटर जागा असावी, पण चालताना टाच आत वर-खाली होता कामा नये. सैल बूट चिखल हमखास ओढून घेतो.

पोटरी सोलते ती बुटाच्या वरच्या कडेने. ओले रबर उघड्या कातडीवर दिवसभर घासत राहते. मोजा बुटापेक्षा चार बोटे उंच घ्या आणि कडेवरून बाहेर दुमडा, एवढ्याने बहुतेकांचे काम भागते. मोजे लोकरीचे किंवा लोकर-नायलॉन मिश्रणाचे असावेत. सुती मोजा एकदा भिजला की वाळतच नाही.

रबरातून हवा जात नाही, त्यामुळे पाऊस नसला तरी बूट घामाने आतून ओले होतात. रात्री आतला सोल बाहेर काढा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि बूट तंबूच्या ओसरीत आडवे ठेवा. उभे ठेवले आणि पाऊस आत आला, तर सकाळी हातात दोन भरलेल्या बादल्याच येतील.

जुने गमबूट नेणार असाल तर घरी तपासा. आत कोरडा कागद घालून बूट घोट्यापर्यंत पाण्याच्या बादलीत अर्धा तास उभे करा. कागद ओला झाला की भेग आहे. ती बहुधा पाऊल वाकते तिथे असते.

आणि रुतलेला पाय सरळ वर ओढू नका. तळाखाली पोकळी होऊन चिखल बूट धरून ठेवतो, पाय तेवढा मोकळा होतो आणि पुढचे पाऊल मोज्यानिशी चिखलात पडते. आधी टाच उचला, चवडा डावी-उजवीकडे हलवा म्हणजे खाली हवा शिरेल. सोबत्याला दोन्ही हातांनी बूट घोट्यापाशी धरायला सांगा.

दुसऱ्या रात्री पावले पांढरीफटक, सुरकुतलेली आणि थोडी बधिर झाली होती. हे काळजीचे आहे का?

सुरकुत्या पाण्यात राहिल्याने पडतात, पण बधिरपणा किंवा मुंग्या येणे ही पुढची पायरी आहे. ओल्या, गार बुटात रक्तवाहिन्या आकसतात आणि पावलांना रक्त कमी मिळते. त्यासाठी गोठवणारी थंडी लागत नाही. १५ अंशांच्या आसपास दहा-बारा तास पाय ओले राहिले तरी पुरते.

पाय स्वच्छ पाण्याने धुवा, टिपून कोरडे करा, किंचित उंचावर ठेवा आणि हळूहळू ऊब येऊ द्या. चोळू नका. गरम पाणी किंवा हीटर तर मुळीच नको, कारण बधिर कातडीला चटका कळत नाही. सूज, फोड, निळसर डाग दिसले किंवा संवेदना परत आली नाही तर मैदानावरचे प्रथमोपचार केंद्र गाठा.

हे होऊच नये म्हणून दिवसाला दोन जोड मोजे धरा. शिवाय एक जोड फक्त झोपेचा. तो स्लीपिंग बॅगमध्येच राहतो, कितीही मोह झाला तरी बुटात जात नाही. रोज रात्री सहा ते आठ तास पाय कोरडे राहिले की दुसऱ्या दिवशी ते पुन्हा चिखलाला तयार होतात. बोटांच्या बेचक्यांत खाज सुटून कातडी पांढरी व ओलसर झाली तर त्या चिखल्या. तिथे बुरशीनाशक मलम किंवा पावडर लावा आणि बेचकी रोज नीट पुसा.

तंबूवर ३००० मिलिमीटर वॉटरप्रूफ असे लिहिले आहे, तरी आत पाणी. तंबू खराब आहे का?

बहुधा नाही. ३००० मिलिमीटर म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब कापड पेलते. पावसाच्या थेंबाला एवढे पुष्कळ झाले. जमिनीचे गणित वेगळे. तुम्ही ओल्या मातीवर गुडघा टेकता तेव्हा दाब कितीतरी जास्त असतो, म्हणून तळाचे कापड ५००० किंवा त्याहून अधिक असलेले बरे.

पाणी येण्याचे पहिले कारण म्हणजे खाली अंथरलेली ताडपत्री. ती तंबूबाहेर डोकावत असेल तर पावसाचे पाणी झेलून थेट तुमच्या पाठीखाली आणते. तळापेक्षा ती सर्व बाजूंनी पाचेक सेंटीमीटर लहान हवी. मोठी असेल तर कडा आत दुमडा. दुसरे कारण आपलाच श्वास. बंद तंबूत तीन माणसे झोपली की बाहेरच्या कापडाला आतून पाणी सुटते आणि आतले कापड त्याला टेकले की झिरपते. पाऊस असला तरी वरची झरोक्याची खिडकी उघडी ठेवा आणि सॅक भिंतीला टेकवू नका. तिसरे म्हणजे जागा. सपाट दिसणाऱ्या मैदानातही पाण्याच्या वाटा असतात. उताराचा तळ, फाटकाजवळची जागा आणि शौचालयांकडे जाणाऱ्या वाटेची कड टाळा. ती वाट दुसऱ्या दिवशी दुप्पट रुंद होते आणि तंबूच्या दोऱ्या पायाखाली येतात.

नायलॉन ओले झाले की ताणले जाते. संध्याकाळी पाऊस सुरू झाल्यावर एकदा बाहेर पडून सगळ्या दोऱ्या पुन्हा आवळा. तंबूबरोबर मिळणाऱ्या बारीक तारेच्या खुंट्या चिखलात लोण्यातून निघाव्यात तशा निघतात. २५-३० सेंटीमीटर लांबीच्या, व्ही किंवा वाय आकाराच्या खुंट्या घ्या आणि डोके तंबूपासून बाहेर झुकवून तिरक्या ठोका. जमीन अगदीच मऊ असेल तर मातीने भरलेली पिशवी दोरीला बांधून पुरा.

आत शिरण्याची पद्धत सगळ्यांनी एकच ठेवावी. तंबूच्या उंबऱ्यावर बसा, पाय बाहेर. आधी रेनकोट काढून ओसरीतल्या पिशवीत टाका. मग एक बूट काढा, ओला मोजा बुटाच्या तोंडाशी सोलून तिथेच सोडा, पाऊल टॉवेलने पुसा आणि ते आत घ्या. त्यानंतरच दुसरा बूट. दोन्ही बूट एकदम काढले की तोल जातो आणि हात चिखलात, हातावरून स्लीपिंग बॅगवर. झोपेचे कपडे व बॅग जाड कचरापिशवीत गुंडाळून, मगच सॅकमध्ये. सॅकचे वरून घालायचे कव्हर मुसळधार पावसात पुरत नाही.

पाऊस थांबेना म्हणून शेगडी तंबूत पेटवली तर? दार उघडे ठेवू.

नको. दार उघडे ठेवूनही नको, आणि विझत आलेली कोळशाची शेगडी उबेसाठी आत घेणे तर अजिबात नको. निखारे शांत दिसले तरी तासन्‌तास कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतात. त्याला वास नसतो, आणि झोपलेला माणूस त्यातून जागाच होत नाही. डोके दुखणे, मळमळ, गुंगी असे एकाच तंबूतल्या दोघा-तिघांना एकदम झाले तर आधी सगळ्यांना बाहेर काढा, मग मदत बोलवा.

आम्ही आठ जण जातो. दरवर्षी चुकामूक होते आणि फोन लागत नाही.

हजारो फोन एकाच टॉवरवर तुटून पडतात, मग इंटरनेट सगळ्यात आधी मान टाकते. साधा एसएमएस मात्र उशिरा का होईना, पोहोचतो. त्यात वेळ लिहायची सवय लावा: "७.४०, मुख्य मंचाची उजवी बाजू." वेळ नसेल तर तासाभराने मिळालेल्या निरोपाचा काही उपयोग नाही.

खरा उपाय फोनशिवायचा. भेटीची जागा आणि तास पहिल्याच दिवशी ठरवा, उदाहरणार्थ दर सम तासाला ध्वनिनियंत्रणाच्या मनोऱ्याच्या मागे. मनोऱ्याच्या पुढे नको, तिथे गर्दी वाढली की उभेही राहता येत नाही. दहा मिनिटे थांबायचे, कोणी आले नाही तर पुढच्या फेरीला भेटायचे. रुसवेफुगवे नाहीत. उजेड असताना तंबूच्या आसपासच्या दोन पक्क्या खुणांचा फोटो काढून ठेवा. शेजारच्या तंबूवरचा झेंडा ही पक्की खूण नव्हे.

१०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून ५,००० एमएएचचा फोन दोनदा भरत नाही. काही ऊर्जा वाटेत खर्ची पडते, सुमारे दीड वेळा धरा. चार्जिंगच्या छिद्रात पाणी गेले असेल तर ते पूर्ण वाळेपर्यंत वायर जोडू नका.

अगदी पुढे उभे राहायचे आहे. चिखलात काय सांभाळावे?

आधी कान. नायोश या अमेरिकी संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तास चालतो आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे उरतात. संगीतासाठीचे फिल्टरवाले इअरप्लग घ्या, सूर स्वच्छ ऐकू येतात. फोमचे असतील तर बारीक वळून, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरा. हे काम चिखलात शिरण्याआधी, स्वच्छ हातांनी.

मग गर्दी. हात हलवायला जागा उरली नाही आणि आपण न चालताही सरकतो आहोत असे वाटले की बाहेर पडायची वेळ झाली. दोन्ही हात छातीपुढे घ्या म्हणजे श्वासाला जागा राहील. लाटेविरुद्ध ढकलू नका. दोन लाटांमधल्या विसाव्यात तिरके-तिरके कडेला सरका. निसरड्यावर शेजारचा पडला तर आधी त्याला उठवा, संगीत मग. खाली पडलेली वस्तू गर्दीत वाकून उचलायची नाही, मग तो फोन का असेना.

चिखलात लोळलो तर आजारी पडू का?

लोळायची हौस आम्हाला समजते, पण जमीन कसली आहे ते बघा. पुष्कळ महोत्सव गुरे चरणाऱ्या शेतांवर भरतात. १९९७ मध्ये ग्लास्टनबरीला गेलेल्या काही जणांना ई. कोलाय ओ१५७ चा संसर्ग झाला आणि संशय गुरांच्या शेणाने दूषित झालेल्या चिखलावर होता. म्हणून तोंड बंद ठेवा, उघडी जखम असेल तर लोळणे सोडा, आणि खाण्याआधी साबण-पाण्याने २० सेकंद हात धुवा. मळलेल्या हातांवर सॅनिटायझर चालत नाही, आणि उलट्या-जुलाबांच्या नोरोविषाणूवर तर तो एरवीही कमकुवतच. घरी परतल्यावर आठ-दहा दिवसांत जुलाबातून रक्त गेले तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका.

छत्री न्यावी का?

नाही. मागच्यांना काही दिसत नाही, काड्या डोळ्यांत जातात आणि अनेक ठिकाणी ती फाटकावरच ठेवून घेतात. टोपीचा रेनकोट न्या. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर झाड, मनोरा आणि तंबू सोडून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबा.

निघताना गाडी रुतली. जितका वेग दिला तितकी खाली गेली.

तसेच होणार. चाक जागेवर फिरले की खालची ओली माती बाहेर फेकते आणि स्वतःचा खड्डा खणते. थांबा, चाके सरळ करा, त्यांच्यापुढचा चिखल हाताने किंवा फळीने उकरा. खड्ड्यात पेंढा, फळी किंवा गाडीतले पायपुसणे दाबून बसवा. सामान व माणसे उतरवा. पहिल्याऐवजी दुसरा गिअर, अॅक्सिलेटर अगदी हलका. ट्रॅक्शन कंट्रोल असेल तर तेवढ्यापुरते बंद करून बघा, कारण चाक घसरले की ते ताकदच तोडते. ढकलणाऱ्यांनी चाकाच्या रेषेत उभे राहू नये. पायपुसणे गोळीसारखे मागे उडते. येतानाच गाडी रस्त्याकडे तोंड करून, चढाच्या बाजूला लावली असेल तर यातले बहुतेक करावे लागणार नाही.

तंबूला चिखलाचे पुट चढले आहे. मशीनमध्ये धुवू का?

मशीन आणि डिटर्जंट दोन्ही कापडावरचा जलरोधक थर खराब करतात. घरी पोहोचल्याच्या दिवशीच तंबू उलगडा. ओला गुंडाळलेला राहिला तर उन्हाळ्याच्या उबेत एक-दोन दिवसांत बुरशी धरते आणि तो वास पुढे जात नाही. चिखल पूर्ण वाळू द्या, मऊ ब्रशने झाडा, उरलेले कोमट पाण्यात भिजवलेल्या स्पंजाने पुसा. चेनचे दात जुन्या टूथब्रशने साफ करा. अडकलेली वाळू सरकपट्टी झिजवते आणि पुढच्या वर्षी दार मध्यरात्री उघडे पडते. खांबांचे सांधे एकेक ओढून आतले कण पुसून घ्या. वाळवायचे ते सावलीत, आणि गुंडाळण्याआधी शिवणींवरून एकदा हात फिरवा, ओल सगळ्यात शेवटी तिथेच राहते.