साक्ष द्यायची आहे, पण सांगू काय?

वाचकांचे प्रश्न

भांडुपहून एक भगिनी लिहितात: आमचं घराणं मूळचं नगर जिल्ह्यातलं, पणजोबांपासून ख्रिस्ती. माझा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, दृढीकरण (कळत्या वयात विश्वासाची जाहीर कबुली) पंधराव्या वर्षी. शब्बाथ शाळा, नाताळची नाटकं, गायनमंडळ, सगळं केलं. आता लेंटमधल्या (ईस्टरआधीच्या उपासकाळातल्या) प्रार्थनासभेत पाच मिनिटं साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा आपल्याला आलेला अनुभव सगळ्यांसमोर सांगायला, चर्चच्या पाळकसाहेबांनी सांगितलंय. मला व्यसन नव्हतं, मोठा आजार झाला नाही, ‘अमुक तारखेला माझं तारण झालं’, म्हणजे पापातून सुटका झाली, असंही सांगता येत नाही. २०१९ मध्ये नोकरी गेली होती, तेव्हा महिनाभर घरी कळू न देता डबा घेऊन निघायचे आणि दादर स्टेशनवर बसून राहायचे. जेवणाआधीची प्रार्थना घरात मीच म्हणते, ती तेव्हा नीट म्हणता येत नसे. पण हे काही साक्षीत सांगण्यासारखं नाही. मग बोलू काय?

उत्तर: ताई, सलाम. जे सांगण्यासारखं नाही म्हणून तुम्ही पत्राच्या शेवटी ढकललंत, तीच तुमची साक्ष आहे. तिच्याकडे येऊच, पण आधी तारखेचा घोळ मिटवू.

मराठी मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) गाजलेल्या साक्षी बहुतेक बाहेरून, दुसऱ्या धर्मातून, आत आलेल्यांच्या आहेत. लेखक बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा १८५४ चा, कवी ना. वा. टिळकांचा १८९५ मध्ये इथे मुंबईतच झाला. त्यांनी घरदार, गोत, सगळं पणाला लावलं होतं, त्यामुळे त्यांच्या सांगण्यात ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी स्पष्ट रेघ आहे. तोच साचा चौथ्या पिढीतल्या माणसाने उचलला की ‘आधी’च्या खणात घालायला काही सापडत नाही. मग कॉलेजात पाहिलेले चार सिनेमे ‘पापाचा अंधार’ होऊन बसतात. ऐकणाऱ्यांना ते ताबडतोब कळतं, कारण त्यातल्या निम्म्यांनी तुम्हाला फ्रॉक घालून देवदूताचं काम करताना पाहिलेलं असतं.

तारखेचंही तसंच. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये झाला, पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा होता, हे त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी उमगलं, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. बायबलमधल्या तीमथ्याची तर तारीखच नाही. प्रेषित पौल या आपल्या तरुण सहकाऱ्याला लिहितो तेव्हा आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासाची आठवण देतो (२ तीमथ्य १:५) आणि बालपणापासून शास्त्र ठाऊक असण्याला मोठी गोष्ट मानतो (३:१५). तेव्हा ‘तारीख सांगा’ असा कुणी आग्रह धरलाच, तर ‘तारीख नाही, प्रसंग आहे’ म्हणावं आणि पुढे बोलावं.

प्रसंग शोधायचा कसा? एका कागदावर असे पाच-सहा दिवस लिहून काढा, जेव्हा प्रार्थना सवयीने नव्हे तर गरजेपोटी झाली, किंवा मुळीच होईना. शेजारी आणखी एक रकाना: घरात जे शिकवलं होतं त्यातलं नेमकं काय त्या दिवशी कामी आलं, किंवा अपुरं पडलं? दुसरा रकाना कोरा राहिला तर तो प्रसंग सोडा, तो नुसता अनुभव आहे. पाचांतून एकच घ्या. तीन प्रसंग घेतले की तिन्ही पळतात.

तुमच्या दादरच्या महिन्यात दोन्ही रकाने आपोआप भरतात. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ हे प्रभूच्या प्रार्थनेतलं वाक्य तुम्ही बोलायला लागल्यापासून म्हणत आलात. त्या महिन्यात भाकरीची खरीच भ्रांत पडली आणि शिवाय समोर बसलेल्यांपासून तुम्ही काहीतरी लपवत होतात. पाठ असलेलं वाक्य तिथे अडलं. आता हे दोन मसुदे बघा. पहिला असा: ‘मी ख्रिस्ती कुटुंबात वाढले, माझ्यावर संकट आलं, पण प्रभूने मला सावरलं.’ हे शहरातल्या कुठल्याही मंडळीतलं कुणीही म्हणू शकतं. दुसरा: ‘डबा प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून खायचे आणि रिकामा घरी आणायचे. रात्री प्रार्थना म्हणताना भाकरीपाशी आवाज अडकायचा. सगळ्यांना वाटायचं, सर्दी झालीये.’ यात देवाचं नाव अजून आलेलंही नाही, तरी सभा कान देऊन ऐकेल. सर्दीचं वाक्य आम्ही नमुन्यासाठी घातलंय. तुमच्या बाबतीत खरं जे असेल तेच लिहा.

लांबीचा हिशेब असा. शांतपणे बोललं तर मिनिटाला १०० ते १२० शब्द होतात. पाच मिनिटांसाठी ४५० ते ५०० शब्दच लिहा, थांबायला जागा लागते. घर आणि वाढ यांना ८० शब्द पुरे. पणजोबांचं गाव, आजीचं शास्त्र वाचन, असा एखादाच तपशील घ्या. २५० ते ३०० शब्द प्रसंगाला. उरलेले आज काय बदललंय त्याला, आणि तेही डोळ्यांना दिसेल असं: घरी कधी सांगितलंत, कुणी काय म्हटलं, ती प्रार्थना आता कशी म्हणता. नमुना हवा असेल तर बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा २६ वा अध्याय मोठ्याने वाचा. अग्रिप्पा राजापुढे पौल आपल्या वाढीपासून सुरुवात करतो (वचनं ४–११), मग वाटेवरचा प्रसंग (१२–१८), मग पुढचं (१९–२३). सगळं चार-पाच मिनिटांत आटोपतं.

बिघडतं कुठे, तर बहुतेकदा सुरुवातीला. ‘आदरणीय पाळकसाहेब, पंचमंडळी, महिला मंडळाच्या अध्यक्षा’ यांत दीड मिनिट जातं. एक ‘सलाम’ पुरतो. दुसरी खोड म्हणजे शेवटी उपदेश: ‘म्हणून तरुणांनो...’ ते काम पाळकसाहेबांचं आहे. वचन एकच घ्या आणि ते प्रसंगाच्या पोटात येऊ द्या, वर टांगू नका. आणि दोन मिनिटांची आवृत्तीही तयार ठेवा. सभा लांबते, साडेनऊनंतर कल्याण-बदलापूरची मंडळी घड्याळाकडे बघायला लागतात आणि पाचाची दोन मिनिटं होतात. अशा वेळी वाढ गाळा आणि थेट बाकापासून सुरू करा.

लिहिलेलं पाठ करू नका. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर सहा शब्द लिहून न्या: नगर, डबा, बाक, भाकर, आई, आज. एकदा घरच्यांसमोर बोलून बघा. ज्या वाक्याला तुमचा तुम्हालाच संकोच वाटेल ते बहुधा पुस्तकी असतं, ते बदला.

मालाडहून एक तरुण विचारतात: वडिलांची दारू सुटली, यावर माझी साक्ष उभी आहे. ते मंडळीतच बसलेले असतात. सांगू का?

उत्तर: त्यांना विचारल्याशिवाय नाही. विचारताना ‘साक्ष देऊ का’ एवढंच विचारू नका, लिहिलेलं वाचून दाखवा. होकार मोघम असतो, आक्षेप एकेका वाक्याला असतो. ते नको म्हणाले तर ‘घरात कठीण दिवस होते’ एवढ्यावर थांबा आणि फक्त तुमचा भाग सांगा: तुम्हाला राग किती होता, ‘बापाचा मान राख’ ही आज्ञा तेव्हा कशी टोचायची, क्षमा करायला किती वर्षं लागली. तेवढी साक्ष पूर्ण आहे. दारू सुटण्याची साक्ष त्यांची आहे, द्यायची झाली तर ते देतील. आणखी एक: आपल्याकडे कुणीतरी मोबाइल धरूनच बसलेलं असतं. तुम्ही घरी पोहोचायच्या आत क्लिप गावाकडच्या ग्रुपवर गेलेली असते. रेकॉर्डिंग नको असेल तर सभा चालवणाऱ्याला आधीच सांगा, माइक हातात आल्यावर नव्हे.

ठाण्याहून एक वाचक: नाताळच्या कार्यक्रमाला ऑफिसमधले मित्र येणार आहेत, बहुतेक हिंदू, एक मुस्लिम. तीच साक्ष चालेल का?

उत्तर: प्रसंग तोच, शब्द बदला. ‘तारण’, ‘नवा जन्म’, ‘रक्ताने धुतलं’, ‘प्रभूने ओझं घातलं’ हे आपल्या घरातले शब्द आहेत, पाहुण्यांना ते अर्धे कळतात किंवा भलतेच कळतात. ‘ओझं घातलं’च्या जागी ‘मला राहवेना’ म्हणा. ‘प्रभू माझ्याशी बोलला’ असं असेल तर कसा, ते सांगा: वाचताना, कुणाच्या बोलण्यातून, की मनात आलेल्या विचारातून. दुसऱ्याच्या देवाधर्माशी तुलना मुळीच नको, विनोदातही नको. १ पेत्र ३:१५ मध्ये आशेबद्दल उत्तर द्यायला सांगितलंय, तेही सौम्यतेने आणि आदराने. शेवटी ‘ख्रिस्ताला स्वीकारणाऱ्यांनी हात वर करा’ म्हणणंही नको. मित्र चहाच्या वेळी आपणहून काही विचारतील, नाहीतर केकची चौकशी करतील. दोन्ही चालेल.

गिरगावातून एक आजोबा: वय ७१. अजूनही काही प्रश्न सुटलेले नाहीत. पत्नीसाठी केलेली प्रार्थना ऐकली गेली नाही. अशाने साक्ष द्यावी का?

उत्तर: द्यावी. मार्काच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातला आजारी मुलाचा बाप विश्वास आणि अविश्वास एकाच दमात बोलून दाखवतो, आणि त्याला कुणी खाली बसवत नाही. फक्त सुटलेलं नाही ते सुटल्यासारखं मांडू नका. ‘ती गेली. का, ते मला कळलेलं नाही. रविवारी मी येतो, तिच्या जागेशेजारी बसतो,’ एवढं सांगून बसलात तरी चालेल. वेळ उरला तर उरू द्या.