पहिलं इंजेक्शन घाईत उरकू नका

वडील ६८ चे, प्रोस्टेटचा कॅन्सर, रक्तातला पीएसए (या कॅन्सरचा माग ठेवणारा आकडा) ९० च्या वर, हाडांत पसरलंय, डॉक्टर तीन महिन्यांचं हार्मोनचं इंजेक्शन म्हणतायत, तर घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. वाचून वाटलं, माझीच फाइल कुणीतरी उघडून बसलंय. फरक एवढाच की तुम्ही सिडकोतले, मी नाशिकरोडचा.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. ओझरला लेथवर आयुष्य गेलं. पण चार वर्षं हे इंजेक्शन घेतोय, त्या जोरावर लिहितो.

हाडांत गेलं असेल तर घ्यावंच, असं माझं मत. या कॅन्सरला टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन लागतं, ते तोडायचं, बस. हल्ली सोबत आणखी गोळ्या किंवा केमोही देतात, ते डॉक्टर बघतील. डोकं लावायचं ते पहिल्या इंजेक्शनच्या तारखेला.

माझं काय झालं सांगतो. विमा होता. कॅशलेसच्या खिडकीवर पहिलं उत्तर, '२४ तास अ‍ॅडमिट नाही, बसत नाही.' मग हा कागद आणा, तो शिक्का आणा. तीन आठवडे मी आणि मुलगा नाशिकरोड ते मुंबई नाका रिक्षा फिरवत राहिलो. एका दुपारी फोन आला, मंजुरी आली आहे, पण आजच घेऊन टाका, उद्या पुन्हा पहिल्यापासून. मी पळालो. आणि घेऊन टाकलं.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर बायकॅल्युटामाइड लिहिलं होतं आणि खाली स्पष्ट, 'इंजेक्शनच्या आठवडाभर आधी सुरू'. ती चिठ्ठी फाइलमध्ये तशीच. मला वाटलं, गोळीच आहे, उद्यापासून घेऊ. त्या दिवशी डॉक्टर बाहेरगावी, इंजेक्शन दिलं सिस्टरने, विचारलं कुणीच नाही.

ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शनं पहिले आठवडा-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन उलटं वाढवतात. खाली यायला तीन-चार आठवडे लागतात. मधल्या उसळीत गाठ चेकाळते, तिला आवरायला ती गोळी. माझ्या कमरेच्या मणक्यात डाग होता. पाचव्या दिवशी कंबर अशी धरली की कूस बदलता येईना, सहाव्या रात्री लघवी बंद. नळी ११ दिवस राहिली. एमआरआयमध्ये मज्जारज्जू दाबला गेलेला नव्हता, नाहीतर पायच गेले असते. असं काही झालं, पाय जड किंवा बधिर वाटले, तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री कॅज्युअल्टी गाठा.

त्या खिडकीवरच्या माणसाला नंतर भेटलो. म्हणाला, 'काका, आम्ही फक्त मंजुरी बघतो.' अजून आठवलं की बीपी वाढतं.

तेव्हा गोळी आधी सुरू झाल्याशिवाय दंड पुढे करू नका, मंजुरी गेली खड्ड्यात. डेगारेलिक्स नावाचं दुसऱ्या जातीचं इंजेक्शन आहे, त्यात ही उसळी येत नाही, पण ते दर महिन्याला पोटावर घ्यावं लागतं. अंडकोष काढायचं छोटं ऑपरेशनही आहे. एकदाच होतं, खर्च कमी, टेस्टोस्टेरॉन लगेच खाली. मी तेव्हा नाव काढू दिलं नाही. आज विचाराल तर खिशाकडे बघून तेच केलं असतं. हे माझं झालं, वडिलांना त्यांचं ठरवू द्या, तुम्ही परस्पर ठरवू नका.

बाकी त्रास आहेतच. नाशिकच्या जानेवारीत मी पंखा लावतो, अंगातून वाफा निघतात. बायको म्हणते, 'आता कळलं?' पोट सुटतं, दंड बारीक होतात, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन सुरुवातीलाच करून घ्या आणि कॅल्शियम डॉक्टरांना विचारूनच. मी रोज पाऊण तास चालतो आणि पाण्याच्या बाटल्या उचलतो, त्याने खरंच फरक पडतो. पीएसएसोबत टेस्टोस्टेरॉनही तपासा, ते ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली हवं. लॅबवाले मागितल्याशिवाय करत नाहीत.

दुसरं मत हवं असेल तर पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरून परळच्या टाटाला जा, पण बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड सोबत घ्या. नुसता रिपोर्ट नेला तर दुसरी खेप पडते.

वडिलांच्या हाडांच्या स्कॅनमध्ये मणका आला आहे का, आणि गोळी लिहून दिली आहे का, एवढं कळवा. चिठ्ठी आत्ताच काढून बघा.