पेस्टलवर ओला ब्रश : पाणी, स्पिरिट की टर्पेंटाइन?

सॉफ्ट पेस्टल हा कोरडा रंग. तो बोटाने किंवा कागदाच्या सुरळीने पसरवायची सवय बहुतेकांना असते. पण पहिल्या पातळ थरावर ओला ब्रश फिरवला, तर तीच भुकटी वॉशसारखी, म्हणजे पातळ सलग ओल्या रंगासारखी, पसरते आणि कागदाच्या खळग्यांत जाऊन बसते. सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून याच पद्धतीबद्दल बरेच प्रश्न आले आहेत, म्हणून या वेळचं सदर पूर्णपणे त्याला दिलं आहे.

मेडिकलमधून आणलेलं स्पिरिट ब्रशने फिरवते. दुपारी बसलं की ब्रश पुढे सरकायच्या आत मागचं वाळून जातं, पट्टे पडतात आणि कडा एकमेकींत मिसळत नाहीत. हात संथ पडतोय की स्पिरिट चुकीचं आहे? — जुळे सोलापूर

तुमचा हात ठीक आहे, वेळ चुकीची आहे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी असते आणि वर पंखा फिरत असतो. स्पिरिट मुळातच झटकन उडतं. अशा हवेत ते काही सेकंदांतच जातं. वॉश सलग यायचा तर त्याची पुढची कड ओली राहायला हवी. कड आधी वाळली की आतला ओलावा रंगाचे कण तिच्याकडे ओढत नेतो आणि तिथे गडद रेघ उमटते. तुमचे पट्टे त्यातूनच आले आहेत.

सकाळी सात ते नऊच्या दरम्यान बसा आणि वॉशपुरता पंखा बंद ठेवा. कूलरच्या खोलीत हवा दमट असते, तिथे काम सोपं जातं. फक्त झोत थेट कागदावर नको. स्पिरिटच्या बाटलीवर 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लिहिलं असेल तर 70 टक्केवालं घ्या. तेही पटकन वाळत असेल तर त्याचे दोन भाग आणि पाणी एक भाग असं मिश्रण करा. ते सावकाश वाळतं आणि रंग भिजवायला पुरेसं असतं. एका वेळी पंजाएवढाच भाग ओला करा आणि थांबायचं ते आकाराच्या कडेला, म्हणजे रेघ पडलीच तरी ती हवी तिथे पडेल.

हॅंड सॅनिटायझर वापरू नका. त्यातलं ग्लिसरीन वाळत नाही, कागदावर चिकट थर राहतो आणि पुढचा पेस्टल त्यावर गुठळ्यांनी बसतो. काही सर्जिकल स्पिरिटमध्ये एरंडेल तेलाचा अंश असतो, तेव्हा लेबल वाचूनच घ्या. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं ॲसिटोन कागदावरचं ॲक्रिलिक अस्तरच विरघळवतं.

आणि एक गोष्ट कृपा करून गंभीरपणे घ्या. स्पिरिटची वाफ साध्या खोलीच्या तापमानालाही पेट घेते. काम चालू असताना त्या खोलीत देवापुढचा दिवा, उदबत्ती किंवा गॅस पेटता नको. खिडकी उघडी ठेवा.

पाणी, स्पिरिट आणि टर्पेंटाइन यांत नेमका फरक काय? एकच घ्यायचं तर कोणतं? — पंढरपूर

पेस्टलचा खडू म्हणजे रंगद्रव्य, चुन्याच्या जातीचा पांढरा भराव आणि अगदी थोडा डिंक. पाणी हा डिंक विरघळवतं, म्हणून पाण्याचा वॉश वाळला की रंग थोडासा धरून बसतो. पाण्याला वेळ लागतो, पातळ कागद फुगतो, आणि कण खळग्यांत गोळा होऊन दाणेदार पोत येतो. आकाश, माती, जुनी भिंत यांना हा पोत फार शोभतो. मात्र काही रंगद्रव्यं पाण्याला दाद देत नाहीत. थॅलो निळा आणि थॅलो हिरवा यांच्या भुकटीवर पाण्याचा थेंब नुसता बसून राहतो. तिथे स्पिरिट कामी येतं, कारण त्याचा पृष्ठताण पाण्यापेक्षा खूप कमी असतो आणि ते कणांच्या मधे शिरतं. वॉश सपाट येतो, कागदही कमी वाकतो.

टर्पेंटाइनने गडद छटा सुंदर बसतात आणि ते सावकाश वाळत असल्यामुळे कडा मऊ करायला वेळ मिळतो. पण त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगी लागताच वाफ पेटू शकेल असं तापमान, सुमारे 35 अंश सेल्सिअस आहे. सोलापूरच्या मे महिन्यातली बंद खोली त्याहून गरम असते, म्हणजे उघड्या वाटीतल्या टर्पेंटाइनवर पेट घेण्याजोगी वाफ तयारच असते. वासाने डोकं दुखतं ते वेगळंच. मार्च ते जून ते वापरू नका, असंच आम्ही सांगू. टर्पेंटाइनने भिजलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. अशा चिंध्या आपोआप तापून पेटू शकतात. उघड्यावर पसरून वाळवा.

एकच घ्यायचं तर 70 टक्के स्पिरिट घ्या. पाणी घरात आहेच. बोअरचं जड पाणी वाळल्यावर गडद रंगावर पांढुरकी झाक सोडू शकतं, म्हणून आरओचं किंवा बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी वापरा.

पण निवड करण्याआधी पट्टी करून बघाच. ज्या कागदावर चित्र करणार त्याचाच 10 बाय 30 सेंटिमीटरचा तुकडा घ्या. अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, थॅलो हिरवा आणि गडद जांभळा असे पाच आडवे पट्टे ओढा. त्यावरून उभे चार भाग पाडा. पहिला कोरडा ठेवा, दुसऱ्यावर पाणी, तिसऱ्यावर 70 टक्के स्पिरिट, चौथ्यावर वर सांगितलेलं मिश्रण. प्रत्येक भाग वाळायला किती वेळ लागला तो पेन्सिलीने खाली लिहा आणि दुसऱ्या दिवशी चारही भागांवर एकच फिका खडू ओढा. कुठे तो धरतो आणि कुठे घसरतो, ते लगेच कळेल.

परदेशी सँडेड (वाळूसारखा खरखरीत थर दिलेला) कागद परवडत नाही. ड्रॉइंग शीटवर ओलं केलं तर चालेल का? — बार्शी

ड्रॉइंग शीट चालणार नाही. ती भिजली की पृष्ठभागाचे तंतू उठतात, लोकर निघाल्यासारखं दिसतं आणि वर पेस्टल बसत नाही. पेस्टलसाठीच मिळणारा 160 जीएसएमचा (चौरस मीटरला 160 ग्रॅम वजनाचा) मी-टांत कागदही ओल्याने लाटांसारखा वाकतो. महागड्या कागदांतही सगळेच ओलं सोसत नाहीत. पेस्टलमॅट पाणी सोसतो, पण ला कार्तवर पाण्याचा थेंब पडला तरी वरचा खरखरीत थर सुटून येतो.

सरावासाठी हार्डवेअरच्या दुकानातला 400 नंबरचा वॉटर पेपर आणा. नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक. लाकडाचा साधा पॉलिश पेपर मात्र नको. त्याचा सरस पाण्याने सुटतो आणि दाणे ब्रशबरोबर येतात. वॉटर पेपरचा रंग काळपट असतो, त्यामुळे संध्याकाळ किंवा रात्रीचं दृश्य त्यावर छान उठतं. टिकाऊ कामासाठी तो नव्हे, शिकण्यासाठी उत्तम.

टिकाऊ हवं असेल तर 300 जीएसएमच्या वॉटरकलर कागदाला घरीच अस्तर द्या. 100 मिली ॲक्रिलिक जेसो (अस्तरासाठी मिळणारा घट्ट पांढरा रंग), संगमरवराची बारीक पूड दोन मोठे चमचे, पाणी चार लहान चमचे. पूड आधी पाण्यात कालवून मग जेसोत घाला, नाहीतर गाठी होतात. पूड चाळताना तोंडाला मास्क हवा. फोमच्या रोलरने एक पातळ हात उभा, तो वाळल्यावर दुसरा आडवा. अस्तर आक्रसून कागदाला पुढे वळवतं, म्हणून मागच्या बाजूलाही नुसत्या जेसोचा एक हात मारा.

पूड जास्त झाली तर धरून ठेवायला जेसो पुरत नाही आणि पहिल्याच वॉशला अस्तर पिठासारखं सुटतं. कमी झाली तर पृष्ठभाग गुळगुळीत होतो. संगमरवर मऊ दगड आहे, त्यामुळे त्याची पकड मध्यम. प्यूमिसची (ज्वालामुखीतल्या सच्छिद्र दगडाची) पूड मिळाली तर ती जास्त धारदार आणि चांगली. रांगोळी वापरू का, असं बऱ्याच जणांनी विचारलं आहे. रांगोळीचा दाणा एकसारखा नसतो आणि त्यावर रंग ठिपक्याठिपक्यांनी धरतो, त्यामुळे तिच्या वाटेला जाऊ नका.

अस्तर किमान आठवडाभर मुरू द्या. ॲक्रिलिक वाळलं तरी स्पिरिटने मऊ पडतं. म्हणून घरच्या अस्तरावर स्पिरिटचा ब्रश एकदाच, हलका फिरवायचा. घासत राहिलात तर अस्तर आणि रंग दोन्ही उचलले जातील.

शाळेत मुलांकडे ऑइल पेस्टल असतात. त्यांवर पाणी फिरवता येईल का? — अक्कलकोट, कलाशिक्षक

नाही. ऑइल पेस्टलमध्ये मेण आणि तेल असतं, पाणी वरून ओघळून जाईल. त्यांना टर्पेंटाइन पसरवतं, पण वर्गात मुलांच्या हातात ते देऊ नये. मुलांना सॉफ्ट पेस्टलचे साधे चौकोनी खडू आणि पाणी द्या, तेवढ्यात भरपूर शिकता येतं.

सिद्धेश्वर तळ्यातलं मंदिर आणि पाण्यातलं प्रतिबिंब करायचं आहे. वॉशचा उपयोग प्रतिबिंबासाठी करता येईल का? — विजापूर रोड

नक्की करता येईल. उभ्या प्रतिबिंबासाठी ओघळ हे या पद्धतीतलं सर्वांत सुंदर साधन आहे.

अस्तर दिलेला 11 बाय 15 इंचाचा कागद फळीवर चारही बाजूंनी मास्किंग टेपने पक्का करा. आखणी कोळशाने करू नका, तो वॉशमध्ये मिसळून सगळं करडं करतो. फिकट रंगाच्या कडक खडूने करा. मग खडू आडवा धरून, न दाबता रंग लावा: आकाश आणि त्याखालच्या पाण्यात ऑकर-नारिंगी, झाडांत गडद जांभळा, इमारतीच्या सावलीत बर्न्ट सिएना. कागदाचा निम्मा दाणा उघडा दिसला पाहिजे. इथेच सगळे चुकतात आणि भरपूर रंग लावून बसतात. या थरात पांढरा किंवा फिकट खडू घेऊ नका. त्यांत भराव जास्त असतो, वॉश वाळला की दुधट दिसतो.

आता अर्धा इंची स्वस्त नायलॉनचा चपटा ब्रश घ्या (चांगला, मऊ केसांचा सेबल इथे झिजून जाईल) आणि स्पिरिट-पाण्याच्या मिश्रणाने आधी आकाश, मग इमारत, शेवटी झाडं अशी फिक्याकडून गडदकडे वॉश करा. दर रंगाला ब्रश जुन्या टॉवेलला पुसा. टेरी टॉवेल आपल्या गावात कमी नाहीत, आणि ब्रश पुसायला त्याहून चांगलं काही नाही.

ओघळासाठी स्पिरिट नको, ते अर्ध्या वाटेत उडून जातं. फळी जवळजवळ उभी करा, ब्रश साध्या पाण्याने भरून काठालगतच्या गडद रंगाच्या खालच्या कडेला टेकवा आणि थेंब आपोआप खाली जाऊ द्या. दोन ओघळांत एक-दोन सेंटिमीटर अंतर ठेवा, पण ते सारखं नसावं. ओघळ हव्या तितक्या खाली आला की फळी आडवी करा. घाईत हेअर ड्रायर लावू नका, झोताने ओघळ वाकडे होतात.

वाळलं की नाही ते हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघा. गार लागलं तर आत ओल आहे. पूर्ण वाळल्यावरच कोरडा पेस्टल. ओल्यावर लावलात तर खडूचं टोक चिखलासारखं होतं आणि कागदाला डाग पडतो. आकाशात आता निळा हलक्या हाताने लावा, खालचा नारिंगी मधून मधून डोकावू द्या. प्रतिबिंबात उजेड मूळ वस्तूपेक्षा किंचित गडद आणि काळोख किंचित फिका ठेवा. शेवटी पाण्यावर चार-पाच आडव्या रेघा पुरेत. त्या आल्या की उभे ओघळ पाणी वाटू लागतात.

वॉश ओला असताना झळाळतो, वाळला की मळकट दिसतो. वर दुसरा थरही धरत नाही. — मंगळवेढा

ओल्यातली झळाळी फसवी असते. कणांमधल्या हवेची जागा द्रवाने घेतली की उजेड कमी विखुरतो आणि रंग गडद, खोल दिसतो. वाळल्यावर हवा परत येते. तेवढा फरक धरूनच रंग निवडा, एक पायरी गडद घ्या.

पण खरा मळकटपणा वेगळा. रंगचक्रात एकमेकांसमोरचे रंग, म्हणजे नारिंगी-निळा किंवा तांबडा-हिरवा, एकाच ओल्या ब्रशखाली आले की करडं होणारच. असे शेजारी एक वाळल्यावर दुसरा करा. थर न धरण्याचं कारण बहुतेक वेळा जास्त रंग हेच असतं. त्याचा लगदा होऊन खळगे भरतात आणि वाळल्यावर पापुद्रा तयार होतो. डुकराच्या केसांच्या कडक, कोरड्या ब्रशने तो भाग झाडा, कागद उभा धरून, म्हणजे भुकटी खाली पडेल. तोंडाने फुंकू नका, ती भुकटी श्वासात जाते. वॉटर पेपर असेल तर ओल्या फडक्याने तेवढा भाग पुसून नव्याने सुरुवात करा. फिक्सेटिव्ह (रंग धरून ठेवणारा फवारा) मारून पकड आणायचा उपाय तात्पुरता आहे आणि फिक्या छटा त्याने काळवंडतात.

खडूच पाण्यात बुडवून ओढला तर? — होटगी रोड

रेघ रंगासारखी जाड, ओलसर आणि फार जोरकस येते. फ्रेंच चित्रकार एदगार देगा (1834–1917) पेस्टलला वाफ देऊन त्याचा लगदा ब्रशने कामात घेत असे, त्याच जातीचा हा प्रयोग. पण मऊ खडू पाण्यात क्षणभरापेक्षा जास्त राहिला तर विरघळून तुकडे होतात. फक्त टोक बुडवा, लगेच ओढा, आणि शेवटच्या ठळक जागांसाठीच वापरा. महागडा खडू बुडवण्याऐवजी त्याची थोडी पूड ब्लेडने वाटीत खरवडून थेंबभर पाण्यात कालवली तर तेच काम ब्रशने होतं. बुडवलेला खडू सावलीत एक दिवस वाळवा. टोकावर कडक खपली धरेल; ती पॉलिश पेपरवर घासून काढल्याशिवाय पुन्हा वापरू नका, नाहीतर ती कागदावर ओरखडा पाडते.