लोखंड टिकतं, फोम कुजतो

प्रश्न : नमस्कार काका. आम्ही ठाण्यात चरईत राहतो. बिल्डिंग पुनर्विकासाला गेली आहे, पुढच्या महिन्यात भाड्याच्या जागेत जायचंय. यजमानांनी १९८३ साली कुवेतहून आणलेला सॅन्सुईचा अँप्लिफायर, बेल्टवर चालणारा रेकॉर्ड प्लेयर आणि दोन मोठे स्पीकर घरात आहेत. ते जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून सगळं बंदच होतं. दिवाळीत लावून बघितलं तर डावा स्पीकर मुका, उजव्यातून सारखा घूं घूं आवाज, आणि रेकॉर्डची थाळी फिरेचना. एका दुकानदाराने न उघडताच चौदा हजार सांगितले. मुलगा म्हणतो, तेवढ्यात नवा साउंडबार येईल, हे भंगारात दे. माझं मन होत नाही. पण हे धूड घेऊन मी जाऊ तरी कुठे?
— एक वाचक, चरई

उत्तर : ताई, आधी एक काम करा. अँप्लिफायरचा प्लग काढून ठेवा आणि कुणी जाणता बघेपर्यंत परत लावू नका. सहा वर्षं पडून असलेल्या यंत्राला एकदम २३० व्होल्ट देणं म्हणजे अंथरुणावरून उठलेल्या माणसाला सकाळी साडेआठच्या ठाणे लोकलमध्ये कोंबणं. असं यंत्र दुकानात दुरुस्तीला आलं की आम्ही ते आधी सिरीज बल्बवर लावायचो. मेनच्या वायरीत मध्ये १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब. तो क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, भगभगत राहिला तर आत शॉर्ट आहे आणि सगळा भार बल्बने स्वतःवर घेतला. येणाऱ्या कारागिराला विचारा, "सिरीजवर लावणार ना?" तो बावचळला तर चहा पाजून परत पाठवा.

तुम्ही 'धूड' म्हणताय, मला तिथे तीन म्हातारे दिसतात आणि तिघांची दुखणी वेगळी.

अँप्लिफायर उचलताना कंबर धरते ना, ते वजन ट्रान्सफॉर्मरचं. लोखंडाच्या पट्ट्या आणि तांब्याची तार. जळला नसेल तर तो तुमच्या नातवालाही पुरेल. आत म्हातारे होतात ते कंडेन्सर, म्हणजे वीज साठवून सुरळीत ठेवणाऱ्या डब्या. त्यांच्यातला ओलावा वर्षानुवर्षं सुकत जातो, उष्णतेने लवकर सुकतो. ढोबळ हिशोब असा की तापमान दहा अंशांनी उतरलं तर कंडेन्सरचं आयुष्य दुप्पट होतं. म्हणून शोकेसच्या काचेआड कोंडलेला अँप्लिफायर लवकर जातो. तुमच्या घूं घूंचं मूळ बहुतेक पॉवर सप्लायच्या दोन मोठ्या कंडेन्सरांत आहे.

डाव्या बाजूच्या मुकेपणाला मी एवढा घाबरत नाही. आपल्या दमट हवेत स्विचचे, व्हॉल्यूमचे आणि रिलेचे काँटॅक्ट काळे पडतात. सिरीजवर यंत्र ठीक निघालं की आधी बंद करून दोन्ही स्पीकरच्या वायरी अदलाबदल करायला सांगा. मुकेपणा उजवीकडे सरकला तर दोष अँप्लिफायरचा. डावीकडेच राहिला तर स्पीकरचा किंवा त्याच्या वायरीचा. अँप्लिफायरचाच निघाला तर आधी काँटॅक्ट साफ होऊ देत. टेप मॉनिटरचा स्विच वीस वेळा खालीवर केल्यावर आवाज आलेले अँप्लिफायर मी पाहिलेत. गिऱ्हाइकाकडून किती घ्यायचे याचीच पंचाईत व्हायची.

भीती आहे ती खोट्या पार्टची. माझ्या उमेदीच्या काळात एका अँप्लिफायरमध्ये मी नवे ३०५५ नंबरचे ट्रान्झिस्टर बसवले. त्यांच्यावर छापलेलं सगळं बरोबर, दुकानात तासभर वाजवून दिला. गणपतीत त्या सोसायटीने आवाज वाढवला, आरतीच्या मध्येच एक ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला आणि सरळ डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, स्पीकरमध्ये गेली. कॉइल जळल्याचा तो वास मला अजून आठवतो. नवे वूफर, म्हणजे खोक्यातले जाड आवाजाचे मोठे स्पीकर, मी पदरचे बसवून दिले. तेव्हापासून दुरुस्तीनंतर स्पीकर न जोडता त्यांच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावून डीसी बघितल्याशिवाय मी काही परत दिलं नाही. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर मला झोप लागायची.

स्पीकरचं सोपं आहे. जाळी काढा आणि वूफरच्या शंकूसारख्या कोनाभोवतीच्या कडेला बोट लावा. शिळ्या खारीसारखा भुगा झाला तर ती फोमची कड दमटपणाने कुजली. फक्त कड बदलून मिळते. कुणी "पूर्ण वूफरच बदला" म्हणेल, ऐकू नका. खोका, क्रॉसओव्हर (जाड-बारीक आवाज वाटून देणारं सर्किट) आणि वूफर एकमेकांसाठी जुळवलेले असतात, त्यात भलताच वूफर आणला तर आवाज बिघडतो. कड कापडाची किंवा रबराची असेल आणि धड असेल तर हातच लावू नका.

प्लेयरची थाळी फिरत नाही म्हणजे बेल्ट सैल झालाय किंवा वितळून डांबर झालाय. मोटरची पुली स्पिरिटने पुसायची आणि नवा बेल्ट घालायचा, बाकी काही नाही. सुई मात्र बदला. झिजलेली सुई रेकॉर्ड खाते, आणि यजमानांच्या त्या रेकॉर्ड बाजारात परत मिळणार नाहीत.

मग ठेवायचं की नाही? ट्रान्सफॉर्मर जळालेला निघाला तर अँप्लिफायर सोडून द्या, मीही देईन. तेव्हा नुसतं नाव बघून नवा सॅन्सुई मात्र घेऊ नका, आज त्या नावाने जे विकतात ते त्या जुन्या जपानी कारखान्याचं नाही. ट्रान्सफॉर्मर धड असेल तर तिन्ही ठेवा. चौदा हजारांचा आकडा मात्र मान्य करू नका. कागदावर एकेक पार्ट आणि मजुरी लिहून मागा, आणि काढलेले जुने पार्ट पिशवीत घालून परत मागा. एवढं म्हटलं तरी आकडा खाली येतो.

मुलाला सांगा, ब्लूटूथचा छोटा रिसीव्हर आणून मागच्या ऑक्स सॉकेटला जोड, त्याची गाणी त्याच मोठ्या स्पीकरवर वाजतील. फोनो सॉकेटमध्ये चुकूनही नको, ते फक्त रेकॉर्ड प्लेयरसाठी असतं आणि त्यात आवाज फाटून येईल. मला विचाराल तर पहिलं गाणं ऐकल्यावर साउंडबारचा विषय तोच बंद करेल.

सामान हलवताना प्लेयरची थाळी आणि सुईच्या दांडीमागचं वजन काढून वेगळं गुंडाळा, दांडी दोऱ्याने बांधा. अँप्लिफायर टेम्पोत नको, रिक्षात मांडीवर न्या. रेकॉर्ड पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. आडव्या एकावर एक रचल्या तर खालच्या वाकतात.

प्रश्न : माझा सीडी प्लेयर कधी डिस्क वाचतो, कधी 'नो डिस्क' दाखवतो. दुरुस्त करू का?
— एक वाचक, वाशी

उत्तर : खाडीकडची खिडकी उघडी असते का? लेन्सवर खारट धुळीची पुटं चढतात. कापसाला किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हाताने पुसून घ्या. तरीही तसंच राहिलं तर लेझर थकलाय. त्याचा पिकअप, म्हणजे लेझर आणि लेन्सचा जोड, अस्सल मिळत असेल तर बदला, नाहीतर पैसे घालू नका. इथे मी भावनेत अडकत नाही. रेकॉर्ड प्लेयरच्या सुईसारखं हे घरी बदलण्याचं काम नव्हे, आणि डिस्कवरचं गाणं दुसऱ्या कुठल्याही चांगल्या प्लेयरवर तितकंच नीट वाजतं.

प्रश्न : भाच्याने जपानमधून जुना अँप्लिफायर आणलाय. मागे १०० व्होल्ट लिहिलंय. चालेल ना?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : थेट लावलात तर एकदाच चालेल. २३० चे १०० करणारा ट्रान्सफॉर्मर आधी घ्या, मागच्या पाटीवरच्या वॅटच्या निदान दीडपट क्षमतेचा. तोवर प्लगवर कागद चिकटवून ठेवा, घरात कुणीतरी उत्साही असतंच.