जुन्या निकॉन लेन्स झेड बॉडीवर नेताना

डीएसएलआरची जुनी लेन्स निकॉनच्या मिररलेस झेड कॅमेऱ्यावर लावायची असेल, तर आधी लेन्सवरची अक्षरं वाचा. एएफ-एस किंवा एएफ-पी असेल तर निकॉनच्या एफटीझेड (जुनी लेन्स झेडला जोडणाऱ्या) अ‍ॅडॅप्टरवर ऑटोफोकस चालेल. नुसतं एएफ असेल (शेवटी डी असो वा नसो), उदाहरणार्थ ५० एमएम एफ/१.८ डी, तर चालणार नाही. या लेन्समध्ये मोटर नसते. काही डीएसएलआरच्या बॉडीतला स्क्रू लेन्सचा फोकस फिरवायचा, आणि एफटीझेडमध्ये तसा स्क्रूच नाही. मॅन्युअल फोकस मात्र होतो. फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगाने दाखवणारी सोय) लावा, व्ह्यूफाइंडरमध्ये झूम करून तपासा. डी लेन्सची अ‍ॅपर्चर रिंग सर्वात मोठ्या आकड्यावर, म्हणजे १६ किंवा २२ वर, लॉक करायला विसरू नका.

अ‍ॅडॅप्टरमध्ये काच नाही, त्यामुळे चित्राचा दर्जा घसरत नाही. जुन्या एफ माउंटपासून (लेन्स बसते त्या कड्यापासून) सेन्सरचं अंतर ४६.५ मिमी, झेडचं १६, उरलेले ३०.५ मिमी अ‍ॅडॅप्टर भरून काढतो, एवढंच.

डीएक्स (छोट्या सेन्सरसाठीची) लेन्स झेड ६ वर लावली की कॅमेरा आपोआप क्रॉप करतो, म्हणजे सेन्सरचा मधला भागच वापरतो, आणि २४ मेगापिक्सेलचे साधारण १० उरतात. लग्नाच्या मोठ्या अल्बमसाठी मला हे कमी वाटतं.

सिग्मा-टॅमरॉन या दुसऱ्या कंपन्यांच्या लेन्स चालतीलच, असं आधीच गृहीत धरू नका. लेन्सचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) जुनं असेल तर कधी कॅमेरा लेन्स ओळखतही नाही. दुकानात स्वतःची लेन्स घेऊन जा, लावा, शटर अर्धं दाबून बघा.

बॉडी घेतल्याबरोबर सगळं विकू नका. रोज वापरता ती एकच झूम आधी झेडमध्ये घ्या.