नागपुरात रो हाउस भाड्यानं घेताय? नोटरीवर थांबू नका

प्रश्न : भाऊ, आम्ही आर्वी तालुक्यातले. माझी मुलगी आणि दिराची दोन पोरं यंदा नागपुरात शिकायला चालली आहेत. होस्टेलऐवजी बजाजनगरच्या बाजूला एक रो हाउस पाहिलं. खाली हॉल-किचन, वर दोन खोल्या. भाडं १८,००० आणि डिपॉझिट ५०,०००, तेही रोख. घरमालक म्हणतात, अकरा महिन्यांचा करार ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी करून घेऊ, रजिस्ट्री लागत नाही. कापूस नुकताच विकला आहे, हातात पैसा आहे तोवर सहा महिन्यांचं भाडं एकदम दिलं तर चालेल का?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, ही अकरा महिन्यांची सबब मी तहसीलसमोर दस्त लिहायला बसलो तेव्हापासून ऐकतो आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नव्हती, तिथून ती निघाली. पण आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आहे, ३१ मार्च २००० पासून लागू. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदलेलाही हवा, मग मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंद नसताना वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरतात. हे त्यांना गोडीनं ऐकवा. बऱ्याच मालकांना हे माहीतच नसतं, आणि काहींना माहीत असूनही भाड्याचं उत्पन्न कागदावर नको असतं.

खर्चाचं म्हणाल तर अकरा महिन्यांचं भाडं, अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, त्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक. तुमच्या हिशेबानं साधारण ५०० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. वर किरकोळ हाताळणी खर्च आणि एजंटची मजुरी. एवढ्यासाठी ५०,००० टांगणीला लावायचे का?

डिपॉझिट बँकेतूनच द्या आणि व्यवहाराचा नंबर करारात लिहून घ्या. सहा महिन्यांचं भाडं एकदम देऊ नका. पोरांचं एखाद्या महिन्यात बिनसलं आणि घर सोडावं लागलं, तर उरलेले पैसे मागत कोण फिरणार? देणारच असाल तर मध्येच सोडल्यास उरलेली रक्कम किती दिवसांत परत मिळेल, हे कलम करारात घाला. एक महिन्याची नोटीस पुरे. करारात तिन्ही पोरांची नावं यायला हवीत, नाहीतर उद्या मालक म्हणतील, पोटभाडेकरू ठेवले.

आता घराचं. रो हाउसमध्ये वरची खोली थेट स्लॅबखाली असते, आणि नागपूरचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. वर कूलर लावायला खिडकी आहे का, कूलरला पाणी चढतं का, गच्ची तुमची की मालकाची, हे दुपारी बारा-एकला जाऊनच बघा. सकाळी सगळीच घरं गार लागतात. लाइटचं मीटर स्वतंत्र आहे का ते बघा, मागचं बिल मागा, थकबाकी निघाली तर ती आधी मालकानं भरायची. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा जवळच्या वस्त्यांतल्या तळमजल्यांत पाणी शिरलं होतं. त्या गल्लीत काय झालं हे शेजाऱ्यांना विचारा, मालकाला नाही.

करार ज्याच्या नावानं, आधार आणि बोटाचा ठसा त्याचाच लागतो. एजंट ठशाचं मशीन घेऊन नागपुरातल्या घरी येतो. करार दिरांच्या नावानं करणार असाल, तर डवरणी-निंदणाच्या गर्दीआधीच त्यांना नागपूरला नेऊन आणा.